‘बर्जरॅक’चे बेट इंग्लंडचे नव्हे

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

आपल्या दैनिकाच्या गेल्या रविवारच्या पुरवणीतील जुन्या परदेशी गुप्तहेर मालिकांवरचा लेख आवडीने वाचला. बीबीसीच्या ‘बर्जरॅक’ या मालिकेच्या वाट्याला त्यात जेमतेम दोन परिच्छेद आले आहेत. ही मालिका ‘इंग्लंडमधील जर्सी बेटावर’ घडते आणि तेथील समुद्रकिनारे ही ‘केवळ नयनरम्य सजावट’ आहे, असे त्यांत म्हटले आहे. यातले पहिले विधान चुकीचे आहे आणि दुसरे त्या चुकीच्याच पोटातून आले आहे, म्हणून हा पत्रप्रपंच.

जर्सी इंग्लंडमध्ये तर नाहीच, पण युनायटेड किंग्डममध्येही नाही. ब्रिटनची राजगादी मानणारे, मात्र स्वतःचे विधिमंडळ, स्वतःची न्यायालये आणि स्वतःची करव्यवस्था असलेले ते बेट आहे. फ्रान्सचा किनारा तेथून सुमारे २२ किलोमीटरवर, तर इंग्लंडचा शंभराहून अधिक किलोमीटरवर आहे. क्षेत्रफळ सुमारे ११८ चौरस किलोमीटर, म्हणजे आमच्या खानापूर तालुक्याचा दहावा हिस्साही नव्हे. कोणता मुलूख कोणाचा या बाबतीत आम्हा सीमाभागातल्या वाचकांचे कान जरा जास्तच तिखट असतात, हे मान्य. पण येथे त्या तपशिलावाचून मालिकेची गोष्टच उभी राहत नाही.

रॉबर्ट बँक्स स्ट्यूअर्ट यांनी निर्माण केलेली ही मालिका १९८१ ते १९९१ अशी दहा वर्षे चालली आणि तिचे ८७ भाग झाले. जॉन नेटल्स यांनी रंगवलेला जिम बर्जरॅक हा दारूच्या व्यसनातून सावरू पाहणारा, पायाला दुखापत झालेला, घटस्फोटित पोलीस सार्जंट आहे. तो ज्या खात्यात काम करतो त्याचे नाव ‘ब्युरो देझेत्राँजे’, म्हणजे परक्यांचे खाते. बेटावर बाहेरून आलेल्यांची प्रकरणे हाताळणे हे त्याचे काम. हे खाते लेखकाच्या कल्पनेतले आहे, पण ती कल्पना सुचावी अशी परिस्थिती जर्सीत खरोखरच आहे. १९४९ च्या कायद्यापासून तेथे बाहेरच्या माणसाला घर घेण्यावर कडक निर्बंध आहेत आणि प्राप्तिकराचा दर १९४० पासून वीस टक्क्यांवर आहे. त्यामुळे तेथे जाऊन राहण्याची इच्छा श्रीमंतांना फार आणि परवानगी थोड्यांना, असा प्रकार आहे. बर्जरॅकचा माजी सासरा चार्ली हंगरफर्ड हा गबर माणूस या मातीतच शोभतो. कोण इथला आणि कोण उपरा, हा प्रश्न जवळजवळ प्रत्येक तपासाच्या मुळाशी असतो. त्याला सजावट कसे म्हणावे?

मी एकतीस वर्षे दस्तलेखक म्हणून काम केले. १९५६ पूर्वीचा मराठी दस्त, तोही फार जुना असला तर मोडीतला, आणि आजचा कन्नड उतारा असे दोन कागद टेबलावर शेजारी शेजारी ठेवून सर्व्हे नंबर व नावे जुळवायची, हे माझे रोजचे काम होते. आजोबांच्या नावातला एक काना इकडचा तिकडे झाला, तर नातवाला महिनाभर हेलपाटे पडत. जर्सीतील जमीनजुमल्याची खरेदीखते २००६ पर्यंत फ्रेंचमध्ये लिहिली जात, हे वाचले तेव्हा मला त्या बेटाविषयी एकदम आपुलकी वाटली. बोलणे इंग्रजीत, गावांची आणि माणसांची नावे फ्रेंच, कायद्याचे मूळ नॉर्मंडीच्या रूढींत आणि जुन्या लोकांच्या तोंडी जेरिये ही तिसरीच बोली. भाच्याने इंग्लंडहून आणलेल्या डीव्हीडींवर मालिका पाहताना मला याचे विशेष कौतुक वाटले की, या सरमिसळीचा खुलासा करत कोणी थांबत नाही. आमच्या बाजारातही कोणी थांबत नाही.

पोलिसांचेही तसेच. त्या बेटाचे बारा पॅरिश, म्हणजे गावविभाग, आहेत आणि पगारी पोलिसांखेरीज प्रत्येक पॅरिशमध्ये लोकांनी निवडून दिलेले बिनपगारी पोलीस असतात. त्यांतल्या ‘सेंटेनिये’ या अधिकाऱ्यानेच आरोपीवर रीतसर आरोप ठेवायचा असतो. म्हणजे शहरातून आलेल्या फौजदाराने गुन्हेगार पकडावा आणि पुढचे पाऊल गावच्या पाटलाने टाकावे, अशातली गत.

आता ज्या समुद्रकिनाऱ्यांना सजावट म्हटले आहे, त्यांच्याविषयी. तेथे भरती-ओहोटीत पाण्याच्या पातळीचा फरक बारा मीटरपर्यंत जातो. राजधानी सेंट हेलियरजवळच्या एलिझाबेथ किल्ल्याकडे जाणारी वाट ओहोटीला कोरडी असते आणि भरतीला पाण्याखाली जाते. अशा ठिकाणी कोण किती वाजता कुठे होता याला वेगळाच अर्थ येतो. किनाऱ्यावरचे काँक्रीटचे बुरूज तर जर्मनांनी बांधलेले आहेत. १९४० पासून ९ मे १९४५ पर्यंत हे बेट त्यांच्या ताब्यात होते. नेटल्स यांना त्या इतिहासाने इतके ओढून घेतले की पुढे त्यांनी त्यावर लेखन केले.

थोडे अवांतर. आमच्याकडे सकाळी दूध घालायला येणारे अप्पा एकदा एक भाग पाहायला बसले. जर्सी म्हटल्यावर गाय केव्हा येते, याची ते शेवटपर्यंत वाट पाहत होते. गायीचे हे वाण याच बेटावरचे. ते शुद्ध राहावे म्हणून १७८९ मध्ये बाहेरची गुरे आणण्यास तेथे बंदी घातली गेली, हे सांगितल्यावर अप्पा म्हणाले, “मग तिथं गाईलासुद्धा रहिवासी दाखला लागतोय म्हणा की!” लेखाला नेमके जे दिसले नाही, ते त्यांना एका भागात दिसले.

मालिकेच्या अखेरच्या काळात बर्जरॅक नोकरी सोडून फ्रान्समधील प्रोव्हान्सला जातो आणि खासगी तपास करू लागतो. माझ्या मते तेथे मालिकेतला जीवच गेला. नायक तोच, नट तोच, पण पायाखालचे बेट नाही. २०२५ मध्ये डेमियन मलोनी यांना घेऊन नवी ‘बर्जरॅक’ केली, तेव्हा हंगरफर्ड या सासऱ्याच्या जागी सासू आणली, सबंध पर्व एकाच प्रकरणावर बेतले, मात्र जर्सी सोडण्याचे धाडस कोणी केले नाही.

तरी पुढील रविवारी दुरुस्तीची चौकट छापावी, ही विनंती. त्यात ‘इंग्लंडमधील’ हा शब्द तर काढावाच, शिवाय लेखातील हिरव्या गाडीचा उल्लेखही दुरुस्त करावा. बर्जरॅकची १९४७ सालची ट्रायम्फ रोडस्टर किरमिजी रंगाची आहे.

आपला नियमित वाचक,
एक निवृत्त दस्तलेखक,
खानापूर, जि. बेळगाव