समूहगीतांचं नवं पुस्तक हाती घेताना

चि. लेकीस,

अनेक आशीर्वाद.

या वर्षीचं शाळांसाठीचं समूहगीतांचं पुस्तक पहिल्या चालीपासून बांधणीपर्यंत तू एकटी बघणार आहेस. फोनवर बोलताना निम्मं राहून जातं, म्हणून लिहून ठेवते.

काम करताना डोळ्यांपुढे कायम वर्ग ठेव. पन्नास मुलं, एक जुनी पेटी, आणि बाई किंवा गुरुजी एकच. त्यांचा उजवा हात पट्ट्यांवर, डावा भात्यावर. तबला वाजवायला कुणी असेलच असं नाही. त्या माणसाला आपलं पुस्तक उघडल्यापासून पाच मिनिटांत गाणं सुरू करता आलं पाहिजे.

सगळ्यात जास्त चुकते ती पट्टी, म्हणजे गाण्याचा सा कुठल्या उंचीवर धरायचा ते. तिसरी-चौथीच्या मुलांचा गळा पेटीवर मधल्या सप्तकातल्या पांढरी दोनपासून (दुसऱ्या पांढऱ्या पट्टीपासून) वरच्या पांढरी दोनपर्यंत मोकळा असतो. एवढंच आपलं अंगण. चाल सा ते तार (वरच्या) सा फिरत असेल, तर सा पांढरी दोनला धर. मंद्र पंचमापासून मध्य पंचमापर्यंत, म्हणजे खालच्या ‘प’पासून मधल्या ‘प’पर्यंत फिरत असेल, तर सा मधल्या पांढरी पाचला. ‘पांढरी पाच’ एवढंच छापू नकोस, ‘मधल्या सप्तकातली’ असं स्पष्ट लिही, कारण बाई स्वतःच्या गळ्याच्या सवयीनं खालची पांढरी पाच धरतात. मग मंद्रात मुलांचा आवाज नुसती कुजबूज होतो, आणि तो भरून काढायला मुलं मध्यात ओरडायला लागतात. गुरुजी शिकवतात तिथे वेगळंच होतं. त्यांचा गळा एक सप्तक खाली असतो, मुलं त्यांची नक्कल करतात आणि घोगरी होतात. म्हणून गुरुजींनी गाऊन दाखवलेली ओळ पेटीवर मुलांच्या सप्तकात वाजवूनही दाखवावी, अशी सूचना प्रत्येक गाण्याच्या माथ्यावर असू दे. मंद्र पंचमापासून तार गंधारापर्यंत (वरच्या ‘ग’पर्यंत) जाणारी चाल कितीही गोड असो, ती शाळेची नाही. बाबांची असली तरी परत कर.

सातवी ते नववीत मुलांचा आवाज फुटतो. गाताना मध्येच सूर निसटला की वर्ग हसतो आणि तो मुलगा पुन्हा कधी गात नाही. मला ही गोष्ट फार लागते. त्यांच्यासाठी चार-पाच सुरांत बसणारी, तार षड्जाकडे (वरच्या ‘सा’कडे) न जाणारी वेगळी ओळ लिहीच.

शब्दांकडे चाल बांधण्याआधी बघ. लांब सूर दीर्घ अक्षरावर यावा, त्यातही ‘आ’ किंवा ‘ओ’ असेल तर उत्तम. ऱ्हस्व ‘इ’वर तार षड्ज चार मात्रा (तालाचे ठोके) ताणला की मुलं ‘ई’ म्हणतात, गळा आवळतात आणि सूर चढतो. सम, म्हणजे तालाची पहिली मात्रा, शब्दाच्या पहिल्या अक्षरावर किंवा जड अक्षरावर पडू दे, प्रत्ययावर नको. श्वासाची खूण स्वल्पविरामानं दाखव. मिनिटाला ऐंशी मात्रांच्या लयीत आठ मात्रा म्हणजे सहा सेकंद. लहान मुलांच्या ओळीला त्याहून लांब ताणू नये, नाहीतर श्वास शब्दाच्या मध्ये तुटतो.

दुसरा आवाज कधी द्यायचा? चौथीपर्यंत नाही, एका सुरात गाणं हेच त्या वयाचं समूहगान. पाचवीपासून खालचा सा–प धरून ठेवणारा गट किंवा ओळीची पडसाद-ओळ चालते. खरी दोन आवाजांची रचना आठवीपासून. इथे पाश्चात्त्य पद्धतीनं ‘तिसरा सूर’ लावत गेलीस तर राग मोडेल. भूप रागात (सा रे ग प ध) रिषभावर (रे) तिसरा सूर म्हणजे मध्यम (म) आणि पंचमावर निषाद (नि), दोन्ही भूपात नाहीत. त्याऐवजी रागातलाच एक सूर सोडून पुढचा घे: साबरोबर ग, रेबरोबर प, गबरोबर ध, पबरोबर तार सा. भूपात लगतच्या दोन सुरांत निदान एका पूर्ण सुराचं अंतर असतं, म्हणून दुसरा गट एक आवर्तन (तालाचा एक फेरा) उशिरा सुरू केला तरी सूर एकमेकांना बोचत नाहीत. यमन रागात तेच केलंस तर तीव्र मध्यम पंचमाला आणि निषाद षड्जाला घासेल. यमनाला साधी खर्जाची (खालच्या ‘सा’ची) साथच बरी.

आता छपाई. सूर लिहायला आपण भातखंडे पद्धत वापरतो: कोमल सुराला खाली आडवी रेघ, तीव्र मध्यमावर उभी रेघ, मंद्राला खाली टिंब, तारेला वर टिंब. पलुस्कर पद्धतीत वरचं टिंब मंद्राचं असतं आणि तार सप्तकाला उभी रेघ. त्या पद्धतीत शिकलेल्या बाई आपला तार सा मंद्रात वाजवतील, म्हणजे सरळ दोन सप्तकांचा फरक. म्हणून खुणांचा तक्ता फक्त पुस्तकाच्या सुरुवातीला नको. सुट्या विकल्या जाणाऱ्या प्रत्येक पानाच्या तळाशी दोन ओळींत तो हवाच.

मंद्र कोमल निषाद दोन सुरांच्या मात्रेत आला की रेघ, टिंब आणि कंस तिन्ही अक्षराखाली एकावर एक चढतात. दोन ओळींमधली जागा तिथे वाढवावीच लागते. टिंब ठसठशीत ठेव, नाहीतर झेरॉक्समध्ये पहिलं तेच पुसलं जातं. कागद ८० जीएसएमचा मॅपलिथो घे. प्रेसवाले ६० चा सुचवतील, पण त्यावर मागच्या पानाची टिंबं पुढे दिसतात आणि मध्य सप्तकातला सूर मंद्राचा वाटतो. कथा-कवितेच्या पुस्तकाला चालेल तो कागद आपल्याला चालत नाही.

बांधणी मधल्या पिनेची, म्हणजे पुस्तक पेटीवर सपाट राहतं. गोंदाची बांधणी सारखी मिटते. मधली पिन म्हणजे पानं चारच्या पटीत, हे गाणी निवडतानाच धर. दोन पानी गाणं नेहमी डाव्या पानावर सुरू व्हावं. दोन्ही हात गुंतलेल्या माणसाला पान उलटता येत नाही, आणि त्यानं भाता सोडला की गाणं थांबतं. एखादं पान कोरं गेलं तर जाऊ दे.

प्रूफ डोळ्यांनी वाचून भागत नाही, ते गाऊन वाचायचं. एकानं शब्द सोडून फक्त सरगम म्हणायची, दुसऱ्यानं टाळी-खाली देत मात्रा मोजायच्या. केरव्यात चार-चार, दादऱ्यात तीन-तीन, रूपकात तीन-दोन-दोन. कुठल्या विभागात एक मात्रा जास्त भरली, तर बहुतेक अवग्रह (सूर लांबवण्याची ‘ऽ’ ही खूण) दोनदा पडलेला असतो.

साथीच्या ट्रॅकआधी षड्ज आणि एक आवर्तन मोजणी दे. शाळेची जुनी पेटी ट्रॅकशी क्वचितच जुळते, तेव्हा ‘ट्रॅक किंवा पेटी, दोन्ही एकत्र नको’ असं ठळक छाप. मैदानावरच्या गाण्यासाठी वेगळी टीप हवी. साठ मीटर अंतर कापायला आवाजाला जवळजवळ पावणेदोन दशांश सेकंद लागतात. मिनिटाला १२० मात्रांच्या लयीत ही एक तृतीयांश मात्रा झाली, म्हणून मागच्या रांगा कायम मागे पडतात. लय ७० च्या आसपास ठेवायची आणि मुलांना ऐकून नव्हे, पुढे ताल देणाऱ्याचा हात बघून गायला सांगायचं.

हक्कांच्या बाबतीत हयगय नको. कवितेचा हक्क आणि चालीचा हक्क वेगवेगळे. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यानं हक्क कवीच्या मृत्यूनंतर साठ वर्षं राहतो, मृत्यूच्या पुढच्या वर्षाच्या सुरुवातीपासून मोजून. साने गुरुजी १९५० मध्ये गेले, त्यांचे शब्द २०१० अखेर मोकळे झाले. कुसुमाग्रज १९९९ मध्ये गेले, म्हणजे २०५९ अखेरपर्यंत परवानगी लागणार. संतांचा अभंग मोकळा आहे, पण त्याची कुणीतरी अलीकडे बांधलेली चाल मोकळी नाही. करार लेखीच, सहीसकट. त्यात मुदत लिहिली नाही तर ती पाच वर्षं धरली जाते आणि प्रदेश लिहिला नाही तर फक्त भारत. अमेरिकेतल्या महाराष्ट्र मंडळांच्या मराठी शाळांना पुस्तक पाठवायचं असेल तर ते आधीच लिहून घे.

शाळा विचारतील, संमेलनात गायला पैसे द्यायचे का? मुलं आणि शिक्षकच गाणार आणि समोर पालक, विद्यार्थी, शिक्षक असतील, तर कायद्यानं मोकळीक आहे. ही मोकळीक फक्त गाण्याला आहे, पुस्तकाच्या प्रती काढायला ती लागू नाही. तरी त्या निघतात, कारण पन्नास मुलांना शब्द हवेच असतात. म्हणून प्रत्येक गाण्यामागे फक्त शब्दांचं, मोठ्या टायपातलं एक पान जोड आणि त्यावर ‘याच्या प्रती काढा’ असं छाप. त्यानं स्वरलिपीच्या पानांची झेरॉक्स बरीच कमी होते.

गाणी फेब्रुवारीत पक्की, छपाई एप्रिलमध्ये, गठ्ठे जूनच्या पहिल्या आठवड्यात रवाना. पंधरा ऑगस्टची तयारी शाळा जुलैत सुरू करतात, त्यानंतर आलेलं पुस्तक थेट स्नेहसंमेलनाची वाट बघतं. पावसाळ्यात छपाई टाळ, कागद ओल धरतो आणि पानं लाटेसारखी होतात.

भूपाच्या गाण्याचा पहिला खर्डा झाला की पाठव. दुसऱ्या आवाजाची ओळ बाबा म्हणतील, मात्रा मी मोजेन.

तुझी,
आई