चौकट छापा, पण आधी तो नंबर लावून पाहा

प्रति,
संपादक,

स.न.वि.वि.

आत्महत्येच्या बातमीखाली मदतीच्या क्रमांकांची चौकट देण्याची पद्धत आता बऱ्याच वृत्तपत्रांत रुळली आहे, आणि ती चांगलीच आहे. आमची तक्रार चौकटीतल्या मजकुराबद्दल आहे. ती बहुतेक वेळा मागच्या चौकटीवरून उचललेली असते. त्यात एखादी संस्था बंद पडलेली असते, एखाद्या लँडलाइनवर फक्त दुपारी माणूस बसतो, एखाद्या क्रमांकातला एक आकडा चुकलेला असतो. एरवी फोन लागला नाही तर माणूस दुसरीकडे लावतो. आयुष्य संपवण्याच्या विचारात असलेला माणूस मात्र बऱ्याचदा एकदाच लावतो. रिंग वाजून बंद झाली की ‘आपल्याशी बोलायला कुणालाच वेळ नाही’ या त्याच्या समजाला जणू पुरावाच मिळतो.

म्हणून प्रत्येक क्रमांक छापण्याआधी लावून पाहावा. एकदा दिवसा आणि एकदा रात्री अकरानंतर, कारण गरज रात्री जास्त असते. पलीकडून आवाज आला की पहिल्याच वाक्यात ‘पडताळणीसाठी फोन केलाय, तातडीचं काही नाही’ असे सांगून मोकळे व्हावे; तेवढ्यात खरा कॉल खोळंबलेला असू शकतो. मग विचारायचे ते एवढेच: सेवा किती ते किती वाजेपर्यंत, कोणकोणत्या भाषांत, लाइन व्यग्र असेल तर काय होते, आणि बोलणे कोणत्या परिस्थितीत दुसऱ्या कुणाला कळवले जाते. हा शेवटचा प्रश्न कुणी विचारत नाही, पण फोन करणाऱ्याच्या मनात तोच पहिला असतो. काही सेवा जिवाला तत्काळ धोका दिसला तर आपत्कालीन यंत्रणेला कळवतात, काही फोन करणाऱ्याच्या संमतीशिवाय काहीच करत नाहीत. जे असेल ते एका ओळीत छापावे. दोन वेगळ्या वेळी फोन उचलला गेला नाही तर तो क्रमांक काढून टाकावा. चौकटीच्या तळाशी पडताळणीची तारीख द्यावी आणि दर तीन महिन्यांनी हे सगळे पुन्हा करावे. दहा क्रमांकांनी जागा भरते. तपासलेले तीन पुरतात.

क्रमालाही अर्थ आहे. तीव्र ताणात माणसाचे लक्ष आक्रसते, निवड करणे जड जाते. पहिली ओळ जिवाला आत्ता धोका असणाऱ्यासाठी: ११२. दुसरी फक्त बोलायचे आहे त्याच्यासाठी: १४४१६, म्हणजे ऑक्टोबर २०२२ मध्ये सुरू झालेली केंद्र सरकारची ‘टेलि-मानस’ सेवा, जी चोवीस तास चालते. या दोन ओळी मोठ्या टायपात. दवाखाने आणि आधारगट त्याखाली, वेगळ्या शीर्षकाने. मनोविकारतज्ज्ञाच्या दवाखान्याचा नंबर हेल्पलाइनच्या शेजारी छापला की रात्री बारा वाजता कुणीतरी तो लावतो, आणि लागलाच तर पलीकडून पुढच्या गुरुवारची वेळ मिळते.

जागा असेल तर फोनवर काय घडते हेही दोन वाक्यांत सांगावे. ‘बोलणार काय?’ या धास्तीने फोन न करणारे पुष्कळ आहेत. बहुतेक ठिकाणी नाव सांगावे लागत नाही. ऐकणारा उपदेश करत नाही, प्रश्न विचारतो, आणि त्यांत ‘जीव द्यावासा वाटतोय का?’ हा प्रश्न सरळ असतो. सुरुवात सुचत नसेल तर ‘मला नीट बोलता येत नाहीये, पण आत्ता एकटं राहायला नको’ एवढे पुरेसे आहे. फोन मध्येच तुटला तर पुन्हा लावावा.

हाच सरळ प्रश्न घरच्यांनीही विचारायचा असतो. विचारल्याने डोक्यात विचार शिरतो ही भीती निराधार आहे. उलट बहुतेकांना सुटल्यासारखे वाटते. उत्तर ‘हो’ आले तर काही ठरवले आहे का आणि केव्हा, हे शांतपणे विचारावे, त्या माणसाला एकटे सोडू नये, आणि ज्या वस्तूने इजा होऊ शकते ती त्याच्या आवाक्याबाहेर, शक्यतो घराबाहेर हलवावी. टोकाची ऊर्मी बऱ्याचदा थोडा काळच टिकते. तेवढ्या वेळात साधन हाताशी नसणे यानेच अनेक जीव वाचतात. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये सुचवलेल्या चार मुख्य उपायांत साधनांपर्यंतची पोच कमी करणे हा एक आहे, तो याचमुळे.

यानंतरची पायरी म्हणजे सुरक्षा आराखडा. बार्बरा स्टॅन्ली आणि ग्रेगरी ब्राउन या अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी तो बसवला. एका कागदावर सहा भाग: संकट जवळ येतेय हे सांगणाऱ्या स्वतःच्या खुणा, एकट्याने करता येण्याजोग्या, मन दुसरीकडे वळवणाऱ्या गोष्टी, ज्या माणसांत किंवा ठिकाणी गेल्यावर विचार थोडे मागे पडतात ती, ज्यांना उघडपणे ‘मला मदत हवीय’ म्हणता येईल अशी माणसे, डॉक्टर आणि हेल्पलाइन, आणि घर सुरक्षित कसे करायचे. वीस ते पंचेचाळीस मिनिटांत होतो. तो समुपदेशकासोबत केलेला उत्तम, पण बिघडतो तो नेहमी त्याच जागी. नातेवाईक पेन हातात घेतात आणि स्वतःच्या शब्दांत भरतात. मग खुणांच्या रकान्यात ‘उदास वाटणे’ येते, ज्याचा वापर शून्य. ‘दोन रात्री झोप नाही, फोन उलटा ठेवतो, जेवणाच्या ताटावरून उठतो’ असे आले तर घरच्यांनाही ते दिसते. चौथ्या भागातल्या माणसांना आपले नाव तिथे आहे याची कल्पनाच नसते, हा दुसरा घोळ. त्यांना विचारून, रात्री फोन उचलाल का याची खात्री करूनच नाव लिहावे. कागदाचा फोटो फोनमध्ये ठेवावा. आणि ‘असं काही करणार नाही’ असे वचन किंवा शपथ घेऊन निश्चिंत होऊ नये. अशा वचनाने संरक्षण मिळते याला पुरावा नाही. ते मोडण्याच्या अपराधभावाने माणूस बोलायचा मात्र थांबतो.

रुग्णालयातून घरी आल्यानंतरचे पहिले काही आठवडे सर्वांत नाजूक असतात, नेमके तेव्हाच सगळ्यांना ‘आता सुटलो’ असे वाटते. सॅन फ्रान्सिस्कोचे मनोविकारतज्ज्ञ जेरोम मोटो यांनी या काळावर एक साधा प्रयोग केला. पुढचे उपचार नाकारलेल्या किंवा अर्धवट सोडलेल्या रुग्णांपैकी काहींना पाच वर्षे अधूनमधून छोटी पत्रे पाठवली. मजकूर चौकशीपुरता, काही मागणी नाही, सल्ला नाही. पत्रे न मिळालेल्यांच्या तुलनेत पत्रे मिळालेल्यांत आत्महत्या कमी झाल्या, आणि पहिल्या दोन वर्षांत हा फरक ठळक होता. आज हे काम मेसेजने होते. ‘उत्तर दिलं नाहीस तरी चालेल’ हे वाक्य त्यात जरूर असावे, नाहीतर उत्तराचेही ओझे होते.

आता ज्याबद्दल चौकटीत काहीच नसते ते. माणूस गेल्यावर मागे राहिलेल्यांसाठी एकही ओळ नसते. या मदतीचा विचार पहिल्यांदा नीट मांडला तो अमेरिकी मानसशास्त्रज्ञ एडविन श्नायडमन यांनी, आणि मागे राहिलेल्यांना सावरणे हा पुढच्या पिढीतल्या प्रतिबंधाचाच भाग आहे असे ते म्हणत. ते पटते, कारण जवळच्या माणसाची आत्महत्या अनुभवलेल्यांमध्ये स्वतःचा धोका वाढलेला असतो.

पहिल्या दिवसांत या कुटुंबाला तत्त्वज्ञान नको असते. पोलिसांच्या प्रश्नांना उत्तर देताना शेजारी बसणारा कुणीतरी हवा असतो, शवविच्छेदनाला किती वेळ लागेल आणि कोणते कागद कधी मिळतील हे सांगणारा हवा असतो. ‘काही लागलं तर सांग’ म्हणून निघून जाणाऱ्यांचा काही उपयोग नसतो, कारण काय लागेल हेच त्यांना सुचत नाही. ‘उद्या सकाळी मुलीला शाळेत मी सोडतो’ हे उपयोगाचे. मुलांना खरे, थोडक्यात आणि त्यांच्या विश्वासातल्या माणसाने सांगावे. ‘बाबा झोपलेत’ म्हटले की लहान मूल झोपायला घाबरते. अपघात म्हटले की चार महिन्यांनी शाळेत कुणाकडून तरी खरे कळते आणि घरच्यांवरचा विश्वास जातो. ‘बाबांचं मन खूप आजारी होतं, त्यात त्यांनी स्वतःचा जीव घेतला, यात तुझी काही चूक नाही’ एवढे सांगून थांबावे. मूल तोच प्रश्न वीसदा विचारेल. वीसदा तेच उत्तर द्यावे. पद्धतीचे तपशील सांगू नयेत.

मोठ्यांचा ‘का?’ संपत नाही. एकच एक कारण जवळजवळ कधीच नसते, पण बातमीत ते छापले जाते आणि घरच्यांना आयुष्यभर चिकटते. ‘परीक्षेत नापास’, ‘बायकोशी भांडण’ असे एका ओळीत उरकणाऱ्यांनी याचा विचार करावा. व्हिएन्नात १९८७ मध्ये भुयारी रेल्वेतल्या आत्महत्यांच्या बातम्यांसाठी पत्रकारांना मार्गदर्शक सूचना दिल्या गेल्या. सनसनाटी थांबली आणि त्याच वर्षाच्या उत्तरार्धात तिथल्या घटना झपाट्याने घटल्या. म्हणजे हे तुमच्या हातात आहे.

दुःखाला मुदत नसते, पण मदत कधी घ्यावी याला काही खुणा असतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या आजार वर्गीकरणात दीर्घकाळ लांबलेल्या शोकासाठी किमान सहा महिन्यांचा निकष आहे, तर अमेरिकी मनोविकार संघटनेच्या २०२२ च्या निकषांत मोठ्यांसाठी बारा महिन्यांचा. त्या कालावधीनंतरही रोजचे व्यवहार ठप्प असतील तर तज्ज्ञाकडे जावे. जीव नकोसा वाटत असेल तर एक दिवसही थांबू नये.

आधारगटाचा पत्ता छापताना तो आत्महत्येने माणूस गमावलेल्यांसाठी आहे की सर्वसाधारण शोकासाठी, हे स्पष्ट लिहावे. आजारपणाने पत्नी गेलेल्यांच्या गटात ‘तुम्हाला आधी काहीच कळलं नाही?’ असा प्रश्न येतो आणि माणूस परत त्या गटात जात नाही. गट कोण चालवते, चालवणाऱ्याचे स्वतःचे दुःख अगदी ताजे तर नाही ना, पद्धतीचे वर्णन करायचे नाही असा नियम आहे का, कुणीही केव्हाही येऊ शकते की ठरावीक माणसांचा गट आहे, हे जाणाऱ्याने फोनवरच विचारून घ्यावे. पहिल्या बैठकीत नुसते ऐकून परतता आले पाहिजे. तसे चालणार नाही म्हणाले तर दुसरा गट शोधावा.

आपल्या वृत्तपत्राची पुरवणी १० सप्टेंबरला, जागतिक आत्महत्या प्रतिबंध दिनी निघते; तो दिवस २००३ पासून पाळला जातो. मागे राहिलेल्यांसाठीही एक दिवस आहे: अमेरिकेतल्या थँक्सगिव्हिंगच्या आधीचा, नोव्हेंबरमधला शनिवार. वडिलांना आत्महत्येत गमावलेले सिनेटर हॅरी रीड यांनी १९९९ मध्ये अमेरिकी सिनेटमध्ये मांडलेल्या ठरावातून तो सुरू झाला. यंदा त्या शनिवारी अर्धे पान या कुटुंबांना द्यावे. क्रमांकांची तपासणी ऑक्टोबरच्या शेवटच्या आठवड्यात करावी. आधारगटांच्या बैठकांचे दिवस आणि जागा वारंवार बदलतात, सप्टेंबरची यादी तेव्हा चालणार नाही.

आपले,
आत्महत्या प्रतिबंध आणि शोकसाहाय्याचे काम करणारे काही समुपदेशक