जीवाणू आणले हो, पण ठेवणार कुठं?

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

मागच्या आठवड्यात आपल्या पेपरात ध्रुवावरून अभ्यासासाठी आणलेल्या जीवाणूंची बातमी आली. छान वाटलं, नाहीतर अंटार्क्टिका म्हटलं की पेंग्विनचा फोटो टाकला की झालं. पण हेडिंग काहून असं दिलं की वाचणाऱ्याला वाटावं बर्फ वितळला की आता साथच येणार? शेजारचे काका सकाळीच विचारत आले, हे जंतू इकडे तर नाही ना येत.

तर आधी त्यांच्यासाठी. खरे थंडीवाले जीवाणू, ज्यांना सायक्रोफाइल म्हणतात, ते 15 अंश किंवा त्याहून कमी तापमानात सगळ्यात चांगले वाढतात आणि 20 च्या वर त्यांची वाढच थांबते. आपलं अंग 37 अंशांचं, आणि मे महिन्यात तर नळाचं पाणीच त्यांना संपवेल. थोडी गरमी सहन करणारे दुसरेही असतात, ते मान्य. 2016 मध्ये सायबेरियाच्या यामलमध्ये अँथ्रॅक्स हा जनावरांचा रोग पसरला, दोन हजारांवर रेनडियर मेले, एक मुलगा गेला, पण तो थंडीत वाढणारा जीवाणू नव्हे, बहुधा जुन्या मेलेल्या जनावरातले बीजाणू (जीवाणूचं झोपलेलं, टणक रूप) जमीन वितळल्यावर वर आले असं मानतात. दोन्ही गोष्टी एकाच बातमीत कालवल्या की घोळ होतो.

मी बरीच वर्षं मायक्रोबायोलॉजीच्या लॅबमध्ये असिस्टंट होतो, म्हणून लिहावंसं वाटलं ते वेगळंच आहे. जीवाणू आणल्याची बातमी होते, ते सांभाळल्याची कधीच होत नाही. आणि खरी मेहनत तिथंच आहे.

आता बघा, भारताची मैत्री आणि भारती ही अंटार्क्टिकातली केंद्रं, तिकडे आर्क्टिकमध्ये स्वालबार्डला 2008 पासून हिमाद्री. मैत्री ज्या शिरमाकर ओएसिसवर आहे तिथल्या मातीतूनच हैदराबादच्या सीसीएमबी या संशोधन संस्थेच्या एस. शिवाजी आणि सहकाऱ्यांनी 1992 मध्ये स्फिंगोबॅक्टेरियम अंटार्क्टिकस नावाची नवी प्रजाती मांडली होती, म्हणजे हे काम आपल्याकडे आजकालचं नाही. तिथून नमुना उचलायचा म्हणजे आधी परवानगी (2022 चा भारतीय अंटार्क्टिक कायदा आहे त्यासाठी), मग निर्जंतुक चमचे-पिशव्या, बर्फाचा गाभा (खोलवरून ड्रिलनं काढलेला लांब दांडा) काढला तर बाहेरचा थर खरवडून टाकायचा कारण ड्रिलचे आणि आपल्या हाताचे जंतू त्याच थरावर बसलेले असतात, आणि मग इतक्या लांबून जहाजानं आणताना थंडी एकदाही तुटू द्यायची नाही.

लॅबमध्ये आल्यावर नवखी पोरं हमखास जिथं चुकतात ते सांगतो. नेहमीच्या पोर-प्लेट पद्धतीत वितळलेलं अगार (जीवाणू वाढवायची जेली) साधारण 45 अंशांना नमुन्यावर ओततात. म्हणजे त्या बिचाऱ्यांना थेट मे महिन्यातल्या भरदुपारी आपल्या सीताबर्डीच्या बाजारात सोडल्यासारखं! प्लेटवर काही उगवत नाही आणि पोरं लिहून मोकळी होतात, नमुन्यात जीवाणू नाहीत. त्यापेक्षा प्लेट आधीच ओतून फ्रीजमध्ये गार करायची, नमुना वरून पसरायचा, मीडिया (म्हणजे जीवाणूंचं खाणं) पातळ घ्यायचा कारण या मंडळींना भरपेट खायची सवय नाही, आणि 4 ते 10 अंशांवर ठेवून आठवडेच्या आठवडे वाट बघायची. दोन दिवसांत कॉलनी (जीवाणूंचा डोळ्यांना दिसणारा ठिपका) नाही आली म्हणून प्लेट फेकणारे मी पाहिले आहेत.

मग साठवण. लोकांना वाटतं थंडीचेच जीव आहेत, टाका फ्रीजरमध्ये. तसं नाही ना! पाणी गोठताना बर्फाचे स्फटिक होतात आणि पेशी फुटते, मग ती अंटार्क्टिकाची का असेना. म्हणून 15-20 टक्के ग्लिसरॉल (गोठताना पेशीला जपणारं दाट द्रव) घालून छोट्या व्हायल म्हणजे कुप्या उणे 80 अंशांना किंवा लिक्विड नायट्रोजनमध्ये ठेवतात. फ्रीज-ड्राय करून, म्हणजे गोठवून सुकवून ठेवलं तर लाईटची कटकट कमी, पण थंडीवाले सगळेच त्यातून जिवंत निघतात असं नाही. आणि व्हायलवर साध्या मार्करनं नाव लिहिलं तर स्पिरिटचा हात लागला की नाव गायब, मग आत काय आहे हे देवालाच माहीत.

आता आपल्या नागपूरचं. उणे 80 च्या बहुतेक फ्रीजरना खोली साधारण 32 अंशांच्या आत लागते. इथं एप्रिलपासून एसी नसलेल्या खोलीत कॉम्प्रेसर धापा टाकतो, त्यात लाईट गेली आणि जनरेटरमध्ये डिझेल नसलं की खेळ खलास. इथल्याच एका कॉलेजात, नाव घेत नाही, एका सुट्टीत असंच झालं आणि विद्यार्थ्यांनी जमवलेल्या सगळ्या नमुन्यांचं पाणी झालं, त्याची ना चौकशी ना नोंद. बाहेरही होतं हे, स्वीडनच्या कॅरोलिन्स्का संस्थेत 2023 च्या नाताळात टाक्यांचा लिक्विड नायट्रोजनचा पुरवठा तुटून कित्येक वर्षांचे नमुने गेले. पण तिथं निदान जगाला कळलं.

यावर उपाय जुनाच आहे, एकाच ठिकाणी ठेवू नका. नवी प्रजाती मान्य व्हायलाच ती दोन वेगळ्या देशांतल्या दोन संग्रहांत जमा करावी लागते. आपल्याकडे असे सूक्ष्मजीवांचे संग्रह आहेत, चंदीगडला एमटीसीसी आणि पुण्याला एमसीसी (आता एनसीएमआर म्हणतात). लोणारचं खारं पाणी आपल्याच विदर्भात, तिथले जीवाणू घेऊन कितीतरी पोरांनी प्रोजेक्ट केले, त्यातले किती पुण्याला पाठवले? गाईडला विचारा, पेपर छापून आला की व्हायल कुठं गेली कोणी बघत नाही. ध्रुवाच्या नमुन्यांचं तर याहून अवघड, ज्या बर्फातून घेतले तो बर्फच पुढच्या खेपेला जागेवर असेल याची खात्री नाही.

तेव्हा आपल्या वार्ताहराला एवढंच सांगा, पुढच्या वेळी शास्त्रज्ञाचा फोटो काढून झाला की फ्रीजरची खोली बघा, जनरेटर किती तास चालतो विचारा, दुसरी कॉपी कुठं आहे विचारा आणि तेही छापा. नागपुरातल्या कॉलेजांपासून सुरुवात केली तरी चालेल, उन्हाळ्याच्या आधी केलेली बरी.

आपला,
एक निवृत्त लॅब असिस्टंट, नागपूर