हेमकुंड चढाईबाबत सदस्यांना सूचना
सर्व सदस्यांना कळविण्यात येते की, उत्तराखंडातील घांघरिया गाव (समुद्रसपाटीपासून सुमारे 3,050 मीटर) ते हेमकुंड सरोवर (सुमारे 4,300 मीटर) ही 6 किलोमीटरची खडी चढाई एकाच दिवसात जाऊन-येऊन पूर्ण करावयाची असून, वर मुक्काम करता येत नसल्याने पहाटे 5 वाजता निघणे बंधनकारक राहील. देवगिरीचा सुमारे 200 मीटरचा डोंगर सलग सहा वेळा चढण्याएवढी ही उंची आहे, आणि तीही विरळ हवेत; म्हणून दर रविवारी पाठीवर भरलेली सॅक घेऊन देवगिरीवरच सराव करावा. कोरे बूट घालून आलेल्यांच्या टाचा गेल्या मोहिमेत पहिल्या तासातच सोलल्या होत्या, हे स्मरणात असू द्यावे. दुपारी 12 नंतर, सरोवर नजरेच्या टप्प्यात असले तरी, परत फिरावे लागेल. विरळ हवेमुळे डोकेदुखी किंवा मळमळ झाल्यास ती संकोचापोटी लपवू नये. तत्काळ सांगून खाली उतरावे.