मोत्याचं हार्ट कमजोर नव्हतं

संपादक साहेब, नमस्कार.

कालच्या अंकात जनावरांच्या ऑपरेशनबद्दल जे छापलं ते वाचून डोकं तापलं म्हणून लिहितो. गॅसची भूल एकदम सेफ, अन् जनावर टेबलावर दगावलंच तर त्याचं हार्ट आधीच कमजोर असतं, हे कोणाले विचारून छापलं?

आमच्या मोत्याच्या वेळीही हेच सांगितलं होतं. रात्रभर हरभऱ्याच्या वावरात डुकरांमागं पळणारा कुत्रा, त्याचं हार्ट कमजोर? डुकरानं मांडी फाडली, रक्त खूप गेलं, गाडी करून शहरात नेला. तिथं सलाईन न लावताच भूल दिली, नळी घातली अन् आयसोफ्लुरेन हा भुलीचा गॅस सुरू. मी दारातून पाहत होतो, बीपीचा पट्टा मशीनलेच गुंडाळून ठेवलेला. विचारलं तर तिथला पोरगा म्हणे, काकाजी, ठोके चालू आहेत ना, कायले घाबरता. इकडं मोत्याच्या हिरड्या पांढऱ्याफट पडत चालल्या होत्या.

ठोके चालूच राहतात, तिथंच फसगत होते. आयसोफ्लुरेननं रक्तवाहिन्या सैल पडतात अन् बीपी उतरतं, गॅस वाढवाल तसं अजून उतरतं, सेव्होफ्लुरेन या दुसऱ्या गॅसचंही तेच, अन् जुनं हॅलोथेन तर हार्टचा जोरच कमी करायचं, वरून ठोकेही बिघडवायचं. धडधाकट कुत्र्यातही हे होतं, मग ज्याचं रक्त आधीच वाहून गेलं त्याचं काय होईल? कुत्र्याचं सरासरी बीपी 60 च्या खाली राहिलं की किडनीले, मेंदूले रक्त पुरत नाही. अशा वेळी आधी गॅस कमी करतात, सलाईन देतात, नाहीच भागलं तर डोपामीनसारखं बीपी वाढवायचं औषध. गॅस वाईट आहे असं मी म्हणत नाही, डायल फिरवून लगेच कमी करता येतो हा त्याचा मोठा फायदाच आहे. पण मोजलंच नाही तर कमी कधी करायचा हे कळणार कसं?

नागपुरात 1958 पासून व्हेटर्नरी कॉलेज आहे, तिथल्या एखाद्या सर्जनले फोन करून मग छापायचं होतं. अन् शेतीचं पान तुम्ही अर्ध्यावर आणलं, त्यातही निम्म्या जाहिराती, जनावरांबद्दल कधीमधी चार ओळी येतात त्या तरी तपासून द्या.

दुरुस्ती छापा ही विनंती. इकडं पेपरात आलं म्हणजे लोक खरं धरतात, अन् मग टेबलावर बीपी कोण पाहणार हे कोणीच विचारत नाही.

– एक शेतकरी वाचक, ता. आर्वी, जि. वर्धा