सिंत्रा राहिलं, त्याबद्दल

नाशिक, 2 जुलै

चि. ओंकार यास,
अनेक आशीर्वाद.

काल फोनवर तू परत म्हणालास, "आई, सिंत्रा राहिलंच ना गं तुमचं." हे तिसऱ्यांदा झालं, म्हणून लिहायला बसले. फोनवर तू घाईत असतोस आणि मला हे सावकाश सांगायचंय.

12 जूनला लिस्बनमध्ये आम्ही सकाळीच तयार होतो, सिंत्रा या जवळच्या राजवाड्यांच्या गावाला जायला. रोसिओ स्टेशनवरून गाडी, मग राजवाडा, सगळं तू लिहून दिल्याप्रमाणे. पण बाबांच्या रक्तदाबाच्या गोळ्या मोठ्या बॅगेत, आणि तिच्या कुलपाची किल्ली सापडेना. तासभर शोधलं. शेवटी अल्फामाच्या, म्हणजे आम्ही उतरलो होतो त्या जुन्या वस्तीच्या, उभ्या पायऱ्यांवरून बॅग उतरवत हार्डवेअरचं दुकान गाठलं. दारात बादल्या टांगलेल्या, खाली घमेल्यांची चळत. वाटलं, आपल्या भद्रकालीच्या बाजारातच आलो.

दुकानात एक आजोबा. त्यांना इंग्रजी येत नव्हतं. बाबा इतके घाबरे झाले होते की मराठीतच म्हणाले, "अहो, चावी हरवली हो, चावी!" आजोबा थबकले. "शाव्?" म्हणाले आणि हवेत किल्ली फिरवून दाखवली. बाबांनी माझ्याकडे पाहिलं. चावी हा शब्द पोर्तुगीजांकडून आलाय हे शाळेत शिकवलं होतं रे, पण तो असा समोर उभा राहील असं कधी वाटलं नव्हतं. नंतर बाबांनी शोधून काढलं की जुन्या पोर्तुगीजमध्ये तिथे 'च'च होता. लिस्बनमध्ये त्याचा 'श' झाला. आपण मात्र वसई-गोव्याच्या वाटेनं आलेला तो जुना 'च' अजून रोज बोलतो.

मग काय! आजोबांनी लोखंड कापायच्या करवतीनं कुलूप कापलं, बाबांनी तिथेच गोळी घेतली, आणि आम्ही तिघं वस्तूंवर बोट ठेवत सुटलो. बादलीला ते 'बाल्द' म्हणतात. शेजारच्या भाजीवालीकडे घेऊन गेले, तिथे बटाटा तर अगदी बटाटाच. अननसाला 'अनानाश', पावाला नाकातून 'पांव'. मी प्रत्येक शब्द आपल्यासारखा म्हणून दाखवला की भाजीवाली टाळ्या वाजवायची. एव्हाना सिंत्राची वेळ टळून गेली होती आणि आम्हा दोघांनाही तिची आठवण नव्हती.

निघताना आजोबांनी कॅलेंडरवर 13 तारखेवर बोट ठेवलं, आमच्या गल्लीकडे हात केला आणि नाचून दाखवलं. अर्थ संध्याकाळी कळला. 13 जून हा संत अंतोनिओंचा दिवस. ते जन्मले लिस्बनचे, वारले 1231 साली इटलीतल्या पाडुआत, पण या गावानं त्यांना सोडलेलं नाही. आदल्या रात्री सगळा अल्फामा रस्त्यावर येतो. सकाळी ओळखीची झालेली गल्ली ओळखू येईना. डोक्यावर रंगीत कागदाच्या झालरी, दारादारात कोळशाच्या शेगड्या आणि त्यांवर तारली. भाजलेली तारली पावाच्या जाड कापावर ठेवून देतात. आधी मासा खायचा, मग त्याचं तेल प्यायलेला पाव. बाबांनी पाच खाल्ल्या. एका आजींनी मला हाताला धरून नाचात ओढलं, आणि मी नाचले, ओंकार. तुझ्या लग्नानंतर पहिल्यांदाच.

त्या रात्री जिथे तिथे छोट्या कुंड्या विकायला होत्या. गोल, दाट, बारीक पानांचं रोप, त्यात खोचलेलं कागदी फूल आणि चार ओळींची कविता. नाव विचारलं तर 'मांझेरिकू'. मला मंजिरीच ऐकू आलं. रोप तुळशीच्याच जातकुळीतलं. मी वास घ्यायला वाकले, तर विकणाऱ्या मुलीनं पटकन अडवलं. नाक लावलं तर रोप सुकतं म्हणे. तळहात अलगद पानांवर ठेवायचा आणि मग हाताचा वास घ्यायचा.

दुसऱ्या दिवशी सकाळी चर्चच्या घंटा वाजत होत्या. बाबा बराच वेळ खिडकीशी उभे होते. म्हणाले, "आपल्या नारोशंकराच्या देवळाची घंटा वसईहून आली म्हणतात ना, ती यांच्यातलीच." मग तू लिहून दिलेलं आम्ही सगळं पाहिलं, बेलेंची पेस्ट्रीही खाल्ली. छान होतं. पण बाबा घरी येणाऱ्या प्रत्येकाला चावीचीच गोष्ट सांगतात.

तू चार रात्री जागून तो तक्ता केला होतास, हे मला माहीत आहे. त्याच्या आधारावरच आम्ही दोघं एकटे निघालो, नाहीतर धीरच झाला नसता. म्हणून सिंत्राच्या वाया गेलेल्या तिकिटांचं मनाला लावून घेऊ नकोस. आणि ऑक्टोबरात तुम्ही क्योटोला जाल तेव्हा तक्त्यात एक दिवस माझ्या नावानं कोरा ठेव. त्या दिवसाचं काय झालं, ते मला पत्रानं कळव.

मी घेतलेली कुंडी विमानात आणण्यासारखी नव्हती, घरमालकीणबाईंना दिली. काल त्यांनी तिचा खिडकीतला फोटो पाठवला. इकडे पावसानं आपली तुळसही तरारलीय. आज दिवा लावताना मी तिचा वास तसाच घेतला, आधी तळहात ठेवून.

तुझी,
आई