बोल्टच्या डोक्यावरचा आकडा वाचून मगच बोल्ट घ्या

संपादक महोदय,

गळीत हंगाम तोंडावर आला की चिकोडी-रायबागपासून खानापूरपर्यंत सगळ्या गॅरेजांत ट्रॅक्टरांची रांग लागते. ऑइल बदलले जाते, फिल्टर बदलले जातात, टायर बघितले जातात. बोल्टांकडे मात्र ते तुटल्याशिवाय कोणी वळत नाही. २० ते ३० एच.पी.च्या छोट्या ट्रॅक्टरांना हे फार महागात पडते. यातल्या बहुतेकांना ट्रकसारखी वेगळी चासी नसते. पुढचा ॲक्सल ब्रॅकेट, इंजिन, क्लच हाऊसिंग आणि गिअर बॉक्स एकमेकांना बोल्टने जखडलेले असतात आणि तीच त्यांची चासी. त्यात उसाच्या भरणीसाठी चाकांमधले अंतर कमी-जास्त करायचे, म्हणजे रिम आणि डिस्कचे बोल्ट वारंवार खोलायचे. दरवेळी तेच जुने नट पुन्हा चढतात.

बोल्ट तुटला की ‘माल हलका होता’ असे म्हणून मोकळे होतात. बहुतेक वेळा तो तुटण्याआधी सैल झालेला असतो. बोल्ट आवळला की तो किंचित ताणला जातो आणि त्या ताणाने दोन भाग एकमेकांवर घट्ट दाबून धरतो. ओढ खरी पेलते ती या दाबामुळे होणाऱ्या घर्षणाने. दाब गेला की भाग सरकू लागतात, बोल्ट दर हिसक्याला वाकतो आणि तार वाकवून वाकवून तोडावी तसा तुटतो. तुटलेला तुकडा फेकू नका, त्याचा काप बघा. बराच भाग गुळगुळीत, त्यावर कडेने सरकत गेलेल्या बारीक रेघा आणि शेवटी थोडासा खरबरीत पट्टा दिसला, तर तो हळूहळू तुटलेला आहे. अशा वेळी त्याच जोडातले बाकीचे बोल्टही जादा भार सोसून बसलेले असतात. एकच बदलून भागत नाही, त्या जोडाचा सगळा संच बदलावा.

सैल बोल्ट आधी ओळखता येतो. डोक्याभोवती तांबूस पावडर, रंगाला गेलेला तडा, सांध्यातून पाझरलेले ऑइल या खुणा पुरेशा आहेत. आवळून झाल्यावर बोल्टच्या डोक्यावरून कास्टिंगवर पांढऱ्या रंगाची एक सरळ रेघ मारून ठेवली, तर पुढे नुसत्या नजरेने कळते.

आता खरेदी. बोल्टच्या डोक्यावर ८.८ किंवा १०.९ असा ताकदीचा आकडा, म्हणजे ग्रेड, कोरलेला असतो. काहीच नसलेला, वजनावर मिळणारा एम.एस. (साध्या पोलादाचा) बोल्ट ८.८ च्या साधारण निम्म्या ताकदीचा धरावा. ॲक्सल ब्रॅकेट, हाऊसिंग, चाके आणि हिच (ट्रॉली-अवजार जोडायची जागा) इथे तो कधीच चालत नाही. लेथवर साध्या सळीतून आटे पाडून घेतलेला बोल्ट दिसायला कितीही देखणा असला, तरी या जागी तोही नको. बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीत उत्तम टर्नर आहेत, पण साधी सळी टर्नरच्या हातात गेल्याने हाय टेन्साइल (जादा ताण सोसणारी) होत नाही. नटही जोडीचा हवा: ८.८ ला ८ नंबरचा, १०.९ ला १० नंबरचा.

आट्यांची गल्लत सर्वांत जास्त होते. १२ मि.मी.चा बोल्ट १.७५, १.५ आणि १.२५ अशा तीन पिचमध्ये (पिच म्हणजे दोन आट्यांमधले मि.मी.तले अंतर) मिळतो आणि तिन्ही वरवर सारखेच दिसतात. चुकीचा बोल्ट पान्याने रेटला की कास्टिंगचे आटे गेलेच. बोल्ट निदान चार-पाच फेरे नुसत्या बोटांनी फिरला पाहिजे. लांबीही जुन्या बोल्टशी ताडून बघा. बंद भोकात लांब बोल्ट तळाला टेकतो, पान्याला घट्ट लागतो आणि जोड मात्र सैलच राहतो. त्या भोकात ऑइल साचले असेल तर ते दाबले जाऊन कास्टिंग तडकू शकते, म्हणून भोक आधी साफ करून कोरडे करा. बिडाच्या कास्टिंगमध्ये १२ मि.मी.चा बोल्ट किमान १५ ते १८ मि.मी. आत गेला पाहिजे.

तुटलेल्या बोल्टचे खोड आत अडकले तर घाई नको. खोड बाहेर डोकावत असेल तर त्यावर नट ठेवून आतून वेल्डिंगने भरून घ्यावा. हा उपाय आम्हाला सर्वांत खात्रीचा वाटतो, कारण वेल्डिंगच्या उष्णतेने गंजही सुटतो. वेल्डिंगआधी बॅटरीची निगेटिव्ह वायर काढा, डिझेलचा पाइप दूर करा आणि अर्थिंग त्याच भागाला, खोडाच्या जवळ लावा. ते लांब कुठे लावले तर करंट बेअरिंगमधून जाऊन बेअरिंग खराब होते. नट हाताला सोसेल इतका आपोआप निवू द्या, बिडावर पाणी ओतू नका. मग पाना एकाच दिशेने न रेटता मागे-पुढे हलवत खोड काढा. खोड आत तुटले असेल तर बरोबर मध्यभागी पंच मारा, आधी ३ मि.मी.चे ड्रिल चालवा, मग मोठे. शक्य असेल तर उलट्या फिरकीचे ड्रिल वापरा, पुष्कळदा खोड त्याच्याबरोबरच बाहेर येते. ईझी-आउट (खोडाच्या भोकात घालून उलटे फिरवायचे हत्यार) जपून फिरवा. तो आत तुटला तर इतका कडक असतो की साधे ड्रिल त्याला लागत नाही. आटे गेलेच तर भोक मोठे करून जाड बोल्ट ठोकण्यापेक्षा हेलिकॉइल (नवे आटे देणारी तारेची गुंडाळी) बसवावी, म्हणजे मूळ मापाचाच बोल्ट राहतो.

हाऊसिंगचे सगळे बोल्ट एकदम काढू नका, एक काढून नवा बसवा, मग दुसरा. चाकाचे नट चाक जमिनीवर असतानाच ढिले करा, मग जॅक लावा आणि ॲक्सलखाली लाकडी ठोकळा द्या.

आवळण्याचा जोर अंदाजावर सोडू नये. ८.८ च्या जाड आट्यांच्या बोल्टला साधारणपणे ८ मि.मी.साठी २५, १० साठी ४९, १२ साठी ८५ आणि १६ साठी २१० न्यूटन-मीटर लागतात. कंपनीच्या पुस्तकात वेगळा आकडा असेल तर तोच धरावा. ८५ म्हणजे ३० सें.मी. लांब पान्याच्या टोकाला सुमारे २९ किलोचा जोर. पाइप घालून दोघांनी ओढले की हा आकडा केव्हाच मागे पडतो आणि बोल्ट कायमचा ताणला जातो. आट्यांना ऑइल लागले असेल तर तेवढ्याच जोरात बोल्ट जास्त ताणला जातो, हेही ध्यानात असू द्या. समोरासमोरचे बोल्ट आलटून-पालटून, दोन-तीन टप्प्यांत आवळा. वायसरखालचा जाड रंग खरवडून काढा, तो दबला की ताण गेला. दोन-तीन तास काम झाल्यावर पुन्हा टॉर्क पाना (आवळण्याचा जोर मोजणारा पाना) लावा, कारण नवा जोड थोडा बसतोच. स्प्रिंग वायसरवर आमचा फारसा भरवसा नाही, इतक्या जोराला तो सपाट होऊन बसतो. त्यापेक्षा आटे स्वच्छ पुसून निळे थ्रेड लॉक (आटे धरून ठेवणारा चिकट द्रव) लावावे. नायलॉक नट (आत नायलॉनची कडी असलेला) एकदाच वापरावा आणि सायलेन्सरजवळ तो मुळीच घालू नये.

एक जागा मात्र उलटी आहे. रोटाव्हेटरला ट्रॅक्टरची ताकद देणाऱ्या पी.टी.ओ. शाफ्टवरचा शिअर बोल्ट तुटण्यासाठीच दिलेला असतो. खानापूरकडच्या दगड-मुळांत तो वरचेवर तुटतो, म्हणून वैतागून तिथे १०.९ चा घालणारे आहेत. मग पुढच्या दगडाला रोटाव्हेटरचा गिअर बॉक्स जातो किंवा शाफ्टचा क्रॉस (सांध्यातला चौफुला) तुटतो. तिथे पुस्तकात लिहिलेल्या ग्रेडचाच बोल्ट घालावा आणि तसे चार जादा बोल्ट टूल बॉक्समध्ये ठेवावेत.

दोन मागण्या आहेत. हार्डवेअर दुकानदारांनी ८.८, १०.९ आणि बिनआकड्याचे बोल्ट वेगवेगळ्या खोक्यांत ठेवावेत आणि बिलावर ग्रेड व पिच लिहावी. आणि कृषी खात्याने कृषी यंत्रधारे केंद्रांतून ट्रॅक्टर भाड्याने देताना चाकाच्या व हिचच्या बोल्टांची तपासणी नोंदवहीत लिहिण्याची सक्ती करावी, कारण रोज चालक बदलणाऱ्या ट्रॅक्टरचा बोल्ट बघण्याचे काम कोणाचेच नसते. प्रत्येक होबळीच्या (तालुक्यातल्या महसुली विभागाच्या) रयत संपर्क केंद्रात एक टॉर्क पाना ठेवला, तर स्वतःचा ट्रॅक्टर असलेल्यांनाही हंगामापूर्वी तो वापरता येईल.

– ट्रॅक्टर दुरुस्ती करणारे काही मेस्त्री, बेळगाव-खानापूर